रांजण

रांजणगांवच्या महागणपतीचें दर्शन आटोपल्यावर आम्ही घोड नदीकांठच्या इनामगांवाकडे वळलों. दोन्ही गांवें शिरूर तालुक्यांतलींच. वृद्ध आई बरोबर होती. "तिकडे कोणता देव?" तिनें विचारलें. "देव नाहीं, आई; तीन हजार वर्षांपूर्वींच्या माणसांचीं घरें आणि त्यांचे रांजण," मी म्हणालों.

तेथील पांढरीच्या टेकाडांत 1968 पासून 1983 पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें. सांकलिया, ढवळीकर व अन्सारी यांनीं उजेडांत आणलेली ही वसाहत इ. स. पूर्व 1600 च्या सुमारास वसली आणि 700 च्या सुमारास उजाड झाली. तेथील लोक मृतांस राहत्या घराच्या जमिनीखालीं किंवा अंगणांत पुरीत. मोठ्या माणसांचीं पावलें घोट्यापासून तोडलेलीं आढळतात. गेलेल्यानें दूर निघून जाऊं नये हा त्यांतील हेतु असावा, असा विद्वानांचा तर्क. पांच खोल्यांच्या एका घराच्या अंगणांत मात्र एक गृहस्थ चार पायांच्या मातीच्या रांजणांत, अखंड पावलांनिशीं, मांडी घालून बसलेला सांपडला. आणि तान्हीं मुलें? दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, आणि त्यांत तो इवलासा देह.

हें सांगतांना मी थबकलों. माझ्या पाठची बहीण आठ दिवसांची होऊन गेली. वडीलधाऱ्यांनीं तिला ओढ्याकांठीं पुरलें. ती जागा आईला कोणी कधीं दाखविली नाहीं. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या बायांचं बरं होतं रे. लेकरू घरातच राहिलं."

लहानपणीं आमच्या गांवच्या अशाच टेकाडावरून धाब्यासाठीं पांढऱ्या मातीच्या पाट्या मींही वाहिल्या आहेत. त्यांत खापरें निघत; तीं आम्ही ओढ्यांत भिरकावीत असूं. कोणाच्या उंबऱ्याखालचें आपण उपसतों आहों, हा विचार कधीं मनांत आला नाहीं. 1958 चा कायदा संरक्षित स्थळीं विनापरवाना खणण्यास मनाई करतो. परंतु ज्या पांढरीचें नांव कोणत्याच यादींत नाहीं, तिचे राखणदार आपणच. जमिनीचे थर एकदां उसकटले, कीं पुन्हां लावतां येत नाहींत.

निघतांना वाटेवर एक तांबडें खापर दिसलें. आठवण म्हणून मीं तें खिशांत टाकलें. आईनें पाहिलें.

"ठेव तिथंच," ती म्हणाली. "कुणाच्या रांजणाचं असेल, ठाऊक आहे का?"

खापर होतें तेथें मीं परत ठेविलें.