परवाना कोठें मागावा?

बंदुकीशीं आमचा संबंध आजवर भाषेपुरताच होता. दुसऱ्याच्या खांद्यावरून ती कशी झाडावी हें कोणत्याहि लेखकास उपजतच ठाऊक असतें. परंतु ती खरोखर घरांत आणावयाची तर प्रथम कोणत्या दारांत जाऊन उभें राहावें, हा प्रश्न आमच्यापुढें कधींच आला नव्हता. तो आला आमच्या धाकट्या बंधूंच्या पत्रानें. पत्र चार ओळींचें होतें. "दादा, भाताला दाणा भरला आणि डुकरें उतरलीं. खालचा मळा एका रात्रींत सपाट झाला. तात्यांची बंदूक ठाण्यांत पडून आहे, ती माझ्या नांवावर करावयाची आहे. अर्ज कोठें करावा तें विचारून कळव आणि अर्ज लिहूनहि दे. तूं शहरांत आहेस, तुला माहीत असेल."

शहरांत राहणाऱ्यास सर्व कांहीं माहीत असतें ही आमच्या गांवची समजूत आम्हीं आजवर दूर केलेली नाहीं. कारण ती आमच्या सोयीची आहे.

तात्यांची ती बंदूक ठासणीची. माजघराच्या दारावर दोन खुंट्यांवर ती आडवी असे, आणि तिच्याखालून जातांना आम्ही भावंडें उगाच मान लववीत असूं. नळींत दारू, तिच्यावर काथ्याचा बोळा, मग छरे, पुन्हां बोळा, गजानें ठासणें, आणि शेवटीं घोड्याखालीं केप. एवढा सोपस्कार होईपर्यंत शहाणें डुक्कर शेजाऱ्याच्या शेतांत जेवून परत येईल, असें आमचे आजोबा म्हणत. तात्यांनीं तिनें किती डुकरें मारलीं हें सांगणें कठीण आहे. मारलीं त्यांपेक्षां घाबरविलीं अधिक, आणि आमच्या समजुतीप्रमाणें तिचें खरें काम तेंच होतें. तात्या गेले तेव्हां तेराव्याच्या आंतच बंधूंनीं ती ठाण्यांत नेऊन दिली व पावती घेतली. परवानेदार वारला कीं त्याचें शस्त्र जवळ बाळगण्याचा हक्क घरांतील कोणासहि उरत नाहीं. ज्याच्या हातीं तें येईल त्यानें विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें, असें १९५९ च्या शस्त्र-कायद्याचें २१ वें कलम सांगतें. बंधूंनीं तें कलम वाचलेलें नव्हतें. पोलीसपाटलानें सांगितलें तसें केलें, इतकेंच.

असो. आम्हीं चौकशीस आरंभ केला. पहिले स्नेही म्हणाले, "बंदुकीच्या दुकानांत जा, तेच सर्व करून देतात." दुकानदार गृहस्थ वृद्ध व सभ्य होते. त्यांनीं आम्हांस बसावयास खुर्ची दिली, आमच्या चष्म्याकडे एकवार पाहिलें, आणि सांगितलें कीं आधीं परवाना व मग दुकान. परवान्यावांचून आपणांस कांहीं विकलें तर आम्हींच तुरुंगांत जावें. दुसऱ्या स्नेह्यांनीं तहसीलदाराचें नांव घेतलें. तिसऱ्यांनीं थेट मंत्र्याचें. अखेर एका मोठ्या शहरांतील एका मोठ्या कचेरींत आम्ही अडीच तास बांकावर बसलों, आणि आमची पाळी आली तेव्हां खिडकीमागील तरुणानें विचारलें, "अर्जदार राहतात कोठें?" आम्हीं गांवाचें नांव सांगितलें. तो म्हणाला, "मग इथें कशाला आलांत?" प्रश्न इतका रास्त होता कीं त्याचें उत्तर आम्हांस अद्याप सुचलेलें नाहीं.

तर वाचकहो, उत्तर असें आहे. अर्जदार जेथें कायम राहतो किंवा त्याचा उद्योग जेथें चालतो, तेथील अधिकाऱ्याकडे परवाना मागावयाचा. मुंबई, पुणें, नागपूर यांसारख्या ज्या शहरांत पोलीस आयुक्त आहेत तेथें आयुक्तांकडे; आणि इतर मुलुखांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, कारण जिल्हादंडाधिकारी तेच असतात. हें एवढेंसें मिळविण्यास आम्हांस सतरा दिवस लागले. अर्जाचा नमुना २०१६ च्या शस्त्र-नियमांनीं ठरवून दिलेला आहे; हल्लीं तो संगणकावरून भरतात, आणि परवाना मिळाल्यावर परवानेदाराचें नांव साऱ्या देशाच्या एका सामायिक नोंदवहींत चढून त्यास स्वतंत्र क्रमांक मिळतो. सोबत राहण्याचा व ओळखीचा पुरावा, शरीर व मन धड असल्याचा डॉक्टरांचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि शेतीचें कारण दाखविलें असेल तर सात-बाराचा उतारा. एकवीस वर्षांखालील माणसानें अर्जाच्या फंदांत पडूं नये. मग कागद पोलिसांकडे जातात, व त्यांनीं ३० दिवसांत अहवाल द्यावा असा नियम आहे. नियम आहे, असें आम्ही म्हटलें. पुढचें वाचकांनीं स्वानुभवानें समजून घ्यावें.

कायदा वाचावयास बसलों आणि आम्हांस त्यांत, कबूल करावयास हरकत नाहीं, गोडी लागली. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागणाऱ्याकडे १३ वें कलम बऱ्याच सौम्य दृष्टीनें पाहतें. १४ वें कलम नकाराचें. परंतु त्यांतहि, अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून नकार देतां येणार नाहीं, असें स्पष्ट घातलें आहे. हें वाचून आमच्या दीड एकरास धीर आला. १८७८ सालीं लिटनसाहेबांच्या कारकीर्दींत जो शस्त्र-कायदा झाला त्यानें हिंदी माणसास परवान्यावांचून हत्यार बाळगणें गुन्हा ठरविलें व गोऱ्यांस त्यांतून वगळलें. तो सल पुढें दोन पिढ्या टिकला, आणि काँग्रेसच्या अगदीं आरंभींच्या अधिवेशनांतूनहि त्याविरुद्ध ठराव झाले. त्या पूर्वजांस बंदूक कशास हवी होती? डुकरांसाठीं खासच नव्हे. आज १९५९ चा कायदा आहे, २०१९ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन एका माणसास तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवतां येतात आणि परवाना तीनऐवजीं पांच वर्षें चालतो. आणखी एक गोष्ट आमच्या बंधूंस ठाऊक नव्हती, आम्हांसहि नव्हती: बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. तें दार निराळें. १९७२ च्या वन्यजीव-कायद्याप्रमाणें त्यासाठीं वनखात्याची लेखी परवानगी लागते. एक दार सांपडलें म्हणून हर्ष करावा तों त्याच्या आंत दुसरें.

इथवर सर्व विनोदाचा मामला होता. पुढें आम्ही २०१६ च्या नियमांतील वारसांविषयींच्या भागाशीं आलों. मृत परवानेदाराच्या वारसास परवाना देण्याची सोय तेथें आहे. मात्र इतर वारसांनीं आपली हरकत नाहीं असें लिहून द्यावें लागतें. इतर वारस म्हणजे आमच्या भगिनी आणि आम्ही. भगिनींनीं सही करून कागद उलट टपालीं धाडला. आमचा कागद मात्र आमच्या मेजावर पडून राहिला. पहिल्या आठवड्यांत आम्ही त्यावर पुस्तक ठेवलें. दुसऱ्या आठवड्यांत आणखी एक ठेवलें.

कारण सांगितलें पाहिजे. आमचे चुलत बंधु आबा यांचें शेत आमच्या खालच्या मळ्यास लागून आहे. मधला बांध तीन वर्षांपूर्वीं पावसांत फुटला, आणि पुन्हां घातला तेव्हां तो दोन हात सरकला, असें आमचे बंधु म्हणतात. सरकला नाहीं, असें आबा म्हणतात. दिवाणी दावा चालू आहे. गेल्या शिमग्यांत मांडावर चार माणसांदेखत बोलाचाली होऊन आमच्या बंधूंच्या तोंडून एक वाक्य निघालें: "तात्यांची बंदूक आज घरांत असती तर—" वाक्य तेथेंच तुटलें, कारण कोणीतरी त्यांस हात धरून नेलें. परंतु आमच्या कानांपर्यंत तें आलें तें तुटलेलेंच आलें, आणि तुटलेलें वाक्य पुरें करण्याची वाईट खोड लेखकास असते. १४ व्या कलमांत लोकशांतता व सुरक्षितता हे दोन शब्द आहेत. सरकार ज्या भयानें ते घालतें त्या भयाला आमच्या धाकट्या भावाचा चेहरा असूं शकेल, हें आम्हांस मध्यरात्रीं सुचूं लागलें. सही करावी तर पुढें कांहीं झालें असतां हात आमचा. न करावी तर भाताचा दाणा घरांत येणार नाहीं, आणि भावास आम्हीं खुनी ठरविलें हें त्यास न सांगतां कळेल. पोलिसांची चौकशी होईल, ते पाहून घेतील, असें म्हणून सुटतां आलें असतें. परंतु जो माणूस त्याच्या पाठीला पाठ लावून जन्मला त्यानें पाहूं नये आणि परक्या अंमलदारानें पाहावें, हें आमच्या मनास पटेना.

आम्ही गांवीं गेलों. बंधु स्थानकावर आले नव्हते. ते मळ्यावर माळ्यावर बसले होते. त्यांचे डोळे पाहून आम्हांस ओशाळें झालें. सोळा रात्री ते तेथें जागत होते. जवळ एक विजेरी, एक काठी आणि तेलाचा रिकामा डबा. आम्हीं घरीं चला म्हटलें तर ते म्हणाले, "आज तूंहि बैस." कागदाचा विषय त्यांनींच काढला. "दादा, तूं सही केली नाहींस ती शिमग्यामुळें ना?" आम्हीं होय म्हटलें. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "तें मी बोललों खरें. त्या रात्रीं मला जेवण गेलें नाहीं." एवढेंच. आमची खात्री एवढ्यानें पटली असें आम्ही म्हणणार नाहीं. पश्चात्ताप सर्वांसच होतो, आणि पुन्हां राग येण्यास तो आड येत नाहीं.

मध्यरात्रीनंतर डुकरें आलीं. प्रथम ओहोळाच्या बाजूस दगड घरंगळल्याचा आवाज, मग भात मोडल्याचा. बंधूंनीं डबा बडविण्यास आरंभ केला, आम्हीं विजेरी फिरविली. अंधारांत दहाबारा काळ्या पाठी वळल्या आणि बांध ओलांडून पलीकडे गेल्या. आमच्या दृष्टीनें काम झालें होतें. परंतु बंधु माळ्यावर उभे राहिले आणि सगळ्या खोऱ्यास ऐकूं जाईल अशा आवाजांत ओरडले, "आबा, तुझ्याकडे वळलीं रे!" लगेच पलीकडच्या माळ्यावर दुसरा डबा वाजूं लागला. पहांटेपर्यंत हे दोन डबे आळीपाळीनें वाजत होते. दोघांत वर्षभर संभाषण नव्हतें असें आम्हांस सांगण्यांत आलें होतें.

सकाळीं आम्हीं सही केली. परंतु एक अट घातली: बंदूक आली तरी दारू आणि केप घरांत वहिनींच्या कुलपांत राहतील, आणि किल्ली मागावयाची ती त्यांच्याकडे. बंधूंनीं ती मान्य केली. वहिनींनीं तर आम्ही बोलण्यापूर्वींच कुलूप काढून ठेवलें होतें असें नंतर समजलें.

चौकशीस जमादार आले तेव्हां आम्ही परत शहरांत होतों. त्यांनीं आबांस विचारलें, तुमचा यांच्याशीं दावा आहे, तुमचें म्हणणें काय? आबांनीं दावा आहे हें सांगितलें, बांध सरकला नाहीं हेंहि सांगितलें, शिमग्यांत हे काय बोलले तेंहि सांगितलें; आणि मग म्हणाले, "पण डुकरां काय बांध बघून चरतत? बंदूक येऊ दे." हें जमादारांनीं आपल्या भाषेंत लिहून घेतलें. तें कोणत्या भाषेंत लिहिलें असेल याची आम्हांस फार उत्सुकता आहे.

परवाना पांच महिन्यांनीं झाला. तोंवर भात कापून, झोडून, जें उरलें तें घरांत आलें होतें. बंदुकीच्या नळीस ठाण्यांत गंज धरला. बंधु रोज संध्याकाळीं ओसरीवर बसून ती तेलाच्या फडक्यानें पुसतात, आणि वनखात्याकडे करावयाच्या अर्जाचा मजकूर आमच्याकडून येण्याची वाट पाहतात. बांधाचा दावा अद्याप चालू आहे. तारखेच्या दिवशीं तालुक्यास जाणारी सकाळची एस्. टी. एकच असल्यामुळें बंधु आणि आबा दोघेहि तिनेंच जातात.