चालत जाऊन पाहिलेलं नाटक

गिरगावच्या माणसाला नाटकाला जायला वाहन लागत नसे. साडेआठचा प्रयोग असेल तर सव्वाआठला घर सोडायचं. खोताची वाडी, मुगभाट, फणसवाडी, झावबावाडी, ठाकूरद्वार, कुठूनही निघालं तरी केळेवाडीतल्या साहित्य संघाच्या पायऱ्यांवर माणूस तिसऱ्या घंटेच्या आत पोचायचा. वाटेत शेजारपाजारचे भेटत. दोघं निघाली की पोचेपर्यंत सहा-सात जण होत. दुपारी चारच्या प्रयोगाला आई आणि चाळीतल्या बायका एकत्र जात. त्यांना सोडायला किंवा आणायला कुणाला जावं लागलं नाही. सत्तरच्या दशकातल्या मुंबईत बायकांना रंगभूमी एवढी सहज मिळाली याचं श्रेय जितकं नाटकवाल्यांचं, तितकंच त्या अंतराचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

मुंबई मराठी साहित्य संघाची स्थापना 1935 सालची. नावात साहित्य असलं तरी गिरगावकरांच्या लेखी संघ म्हणजे नाटक, आणि त्याला कारण डॉ. अमृत नारायण भालेराव. पेशाने डॉक्टर असलेल्या या माणसाने नाट्यमहोत्सव भरवण्यात आयुष्य घातलं. चित्रपटाच्या लाटेत नाटक मंडळ्या एकामागून एक मोडत होत्या. 1943 साली मराठी रंगभूमीला शंभर वर्षं झाली, तेव्हा शताब्दी साजरी करायची की श्राद्ध घालायचं, असं वाटण्यासारखी स्थिती होती. त्या काळात आणि नंतरही भालेरावांनी पांगलेल्या नटांना एकत्र आणलं आणि जुनी नाटकं पुन्हा उभी केली. केळेवाडीत तेव्हा खुलं नाट्यगृह होतं. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे यांना घेऊन संघाने 1954 साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यमहोत्सवात नेलं आणि पहिलं पारितोषिक आणलं. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेलं ‘राजमुकुट’ही त्याच सुमाराचं. ते बसवायला हर्बर्ट मार्शल हे इंग्रज दिग्दर्शक होते. वाडीतल्या एका संस्थेने हे सगळं केलं! 1964 साली त्या जागी बंदिस्त नाट्यगृह उभं राहिलं. त्याला भालेरावांचं नाव दिलं. ते पाहायला डॉक्टर मात्र राहिले नव्हते.

आमच्या पिढीच्या वाट्याला आलं ते हे बंदिस्त नाट्यगृह. दिवाळी सरली की तिथे राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी लागायची. रोज नवं नाटक, रोज नवी मंडळी. कुणी बँकेतले, कुणी पोस्टातले, कुणी बेस्टमधले, गिरणगावातल्या कामगार केंद्रांचे संघ वेगळेच. टेम्पोतून फ्लॅट, दारं, जिन्याचा कठडा, पलंग उतरायचा. दुपारभर ठाकठोक चालायची. जो इसम तोंडात खिळे धरून स्टुलावर उभा दिसे, तोच रात्री धोतर नेसून नायिकेचा बाप म्हणून यायचा. तिकीट नाममात्र असल्यामुळे आम्ही पोरं पडेल तो प्रयोग बघायचो. पुष्कळ नाटकं वाईट असत हे सांगायलाच हवं. शब्द विसरलेला नट विंगेकडे मान वळवतो आहे, प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी आम्हालाच ऐकू येतो आहे, असं नेहमी व्हायचं. पण ओळीने नाटकं पाहिल्यामुळे तुलना करता येऊ लागली. कालच्या नाटकात दिवाणखाना खरा वाटला आणि आज का नाही, कालची बाई रडली नाही तरी आमच्या डोळ्यांत पाणी का आलं, असले वाद चाळीच्या कठड्यावर रात्री बारापर्यंत चालत. नाटक कसं बघायचं हे मी त्या वादांतून शिकलो.

संगीत नाटकाचा प्रयोग असला की थाट वेगळा. जाणती माणसं लवकर येऊन पुढच्या डाव्या-उजव्या कडेच्या खुर्च्या धरत, कारण तिथून साथीदार दिसतात. पडदा पडलेला असे. आतून तबल्यावर हातोडीचे ठोके ऐकू येत, एक घाट चढवायचा, दुसरा उतरवायचा, मग पुन्हा पहिला. ऑर्गनवाला भाता भरून एक लांब सूर धरून ठेवायचा. हार्मोनियमपेक्षा हा आवाज खोल, खालून येणारा. पायपेटी म्हणतात ती हीच. पावलांनी भाता चालवायचा असल्यामुळे दोन्ही हात सुरांवर मोकळे राहतात आणि नटाच्या श्वासाबरोबर सूर कमी-जास्त करता येतो. नांदीचा पहिला सूर लागला की कुजबुज आपसूक थांबायची. त्यासाठी मोबाईल बंद ठेवा अशी सूचना लागत नव्हती. ‘मंदारमाला’, ‘मत्स्यगंधा’, ‘जय जय गौरीशंकर’ ही नाटकं तोवर नवी राहिली नव्हती, पण त्यांतली पदं प्रत्येक घरात गुणगुणली जात होती. वन्समोअर मिळाला की गायकनट दुसऱ्या खेपेला पद वेगळ्या अंगाने मांडायचा. माझ्या शेजारी बसणारे एक आजोबा ताल मांडीवर धरत. तान समेवर नेमकी आली की ते मांडीवरचा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवायचे. बोलायचे काहीच नाहीत. सम कुठे असते हे मला कुठल्याही गायनवर्गाआधी त्या हाताने सांगितलं.

गाण्याचीही तीच श्रीमंती. ब्राह्मण सभेचा गणेशोत्सव होता, लक्ष्मीबागेतल्या बैठका होत्या, ऑपेरा हाऊसजवळ प्रा. बी. आर. देवधरांचं संगीत विद्यालय होतं, जिथे कुमार गंधर्व शिकले. मोठ्या गवयांच्या मैफली रात्री उशिरा रंगत आणि पहिल्या लोकलला उपनगरातले श्रोते घरी परतत. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले आणि उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद झाले. नियम आवश्यकच होता. आजारी माणसाच्या उशाशी रात्रभर कर्णा वाजू नये, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण दरबारी, मालकंस, आणि रात्र उतरताना येणारे राग त्यांच्या वेळेला ऐकायची सवय त्यामुळे मोडली, हेही खरं. संध्याकाळी आठ वाजता दरबारी ऐकताना सूर तेच असतात, पण बाहेरच्या रस्त्यावर अजून रहदारी असते.

आज काय आहे? पुष्कळ काही चांगलं आहे. प्रकाशयोजना सुधारली, ध्वनीची यंत्रणा सुधारली. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसालाही कुजबुज ऐकू येते, पूर्वी त्याला अंदाज बांधावा लागे. भर उन्हात खिडकीसमोर रांग लावायची गरज उरली नाही. फोनवर प्लॅन उघडतो, हवी ती खुर्ची बोटाने निवडायची. बोरिवलीचं प्रबोधनकार, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, वाशीचं भावे, डोंबिवलीचं फुले, कल्याणचं अत्रे अशी नाट्यगृहं उभी राहिली आणि शनिवार-रविवारी भरतातही. मराठी माणूस गिरगाव सोडून जिथे राहायला गेला तिथे नाटक त्याच्यामागे गेलं, ही साधी गोष्ट नाही. चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाऊस 1993 साली बंद पडलं होतं, 2016 साली पुन्हा उघडलं. लक्ष्मीबागेतही गाणं परतलं आहे. अभिनयात आजची तरुण मुलं आमच्या काळातल्या पुष्कळ हौशी नटांपेक्षा सरस आहेत, यात मला शंका नाही.

उणीव दुसरी आहे. आता आपण एखादं नाटक ‘बघून येतो’, मोसम बघत नाही. तीन महिन्यांतून एकदा, वाहिनीवर पाहिलेल्या नटासाठी, गाडी काढून, पार्किंगची चिंता करत. आजूबाजूला बसलेल्यांपैकी कुणी ओळखीचं नसतं आणि पडदा पडला की सगळे पांगतात. वाद घालायला कठडाच नाही! पेठेतल्या दुकानदाराला जसं नेहमीचं गिऱ्हाईक सांगतं की या खेपेचा माल बरा नाही, तसं नाटकवाल्याला सांगणारा नेहमीचा प्रेक्षक लागतो. तो ओळीने नाटकं बघूनच तयार होतो, आणि नाट्यगृह पायी जाण्याच्या अंतरावर असेल तरच तो ओळीने बघू शकतो. संगीत नाटकाचे आज अधूनमधून महोत्सव होतात, त्यांत गाणारी मुलं कसदार आहेत. पण वर्षातून एकदा ऐकणाऱ्या श्रोत्यासमोर पद वेगळ्या अंगाने मांडायचं तरी कशासाठी? त्याला पहिलं अंग आठवतंय कुठे?

गिरगावात आता चाळी पडताहेत आणि टॉवर उभे राहताहेत. खालून मेट्रो धावते आहे. चाळीतल्या खोल्या अंधाऱ्या होत्या, संडास सामायिक होते, पावसाळ्यात छत गळायचं. ते जावं असं तिथे राहिलेला प्रत्येक जण म्हणेल, मीही म्हणतो. पण त्या चाळींच्या मधोमध चौक होता. गणपतीत त्याच चौकात बाकं जोडून रंगमंच व्हायचा, मुलं पहिलं वाक्य तिथे बोलायची आणि मग स्पर्धेत केळेवाडीला जायची. नव्या इमारतीच्या नकाशात व्यायामशाळा असते, पोहण्याचा तलाव असतो, लग्नाचा हॉल असतो, चौक नसतो.

तेव्हा ज्यांच्या इमारतींचा पुनर्विकास व्हायचा आहे त्यांना एक विनंती. गिरगाव, दादर, लालबाग, पार्ले, कुठेही राहत असाल तरी शंभर माणसं बसतील एवढी एक खोली मागून घ्या. एका टोकाला फूटभर उंचीचा कट्टा, दोन्ही बाजूंना विंगेपुरती जागा, चार दिव्यांसाठी वर एक आडवा पाइप, मागे कपडे बदलायला दोन लहान खोल्या. याहून जास्त काही लागत नाही. मात्र हे करारनाम्यावर सह्या होण्याआधी लिहून घ्या. सही झाल्यावर नकाशात काहीही वाढवून मिळत नाही.