बाजारातले पोस्टकार्ड

भाईजानकडे मार्सेयला गेलो असताना ईस्टरच्या सुट्टीत आम्ही दोघे लिल-सुर-ला-सोर्ग पाहून आलो. फ्रान्सच्या दक्षिणेकडील हे गाव जुन्या वस्तूंच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. झाडांना कोवळी पालवी फुटली होती. सोर्ग नदीवर शेवाळलेली पाणचक्क्यांची चाके फिरत होती. काठाने मांडलेली कपाटे, झुंबरे, कुणाच्या तरी घरच्या चादरी पाहून आम्हांला मुंबईचा चोरबाजार आठवला.

एका खोक्यात जुनी पोस्टकार्डे होती. एकावर फेटे बांधलेले शिपाई आणि खाली छापलेले: मार्सेय, १९१४, हिंदुस्थानी फौज. पहिल्या महायुद्धात ही फौज त्याच बंदरात उतरली. तिच्यात पंजाबी मुसलमान होते, पठाण होते. त्यांनी घरी धाडलेली कितीतरी पत्रे उर्दूत होती. सेन्सॉरने ती उघडली आणि त्यांतले उतारे इंग्रजी तर्जुम्यात उरले. नव्ह-शापेलच्या स्मारकावर कबर न मिळालेल्या ४,७०० हून अधिक हिंदुस्थान्यांची नावे आहेत. या कार्डावर मात्र एकही नाव नव्हते. रोज हजेरी घेणाऱ्या आम्हांला ते बोचले.

घासाघीस न करता कार्ड घेतले. ‘उर्दू शिकून काय फायदा?’ असे मुले विचारतात. आता हे कार्ड वर्गात लावू आणि म्हणू, या शिपायाचे घरी लिहिलेले खत तुम्ही लिहा, उर्दूत.