एकास आठ

घराला पायऱ्या आहेत, ही गोष्ट गुडघे शाबूत असेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. इंदूरच्या जुन्या वस्तीतील आमचे घर आजोबांनी बांधले, तेव्हा पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी आत शिरू नये म्हणून जोते चांगले अडीच फूट उंच घेतले. त्यामुळे दारापाशी सहा-सहा इंचांच्या पाच पायऱ्या आल्या. या पायऱ्यांवरून वराती उतरल्या, अंत्ययात्राही उतरल्या. पण त्यांची उंची मोजण्याची गरज आम्हांस कधी भासली नव्हती. ती गेल्या हिवाळ्यात भासली, आणि तीही एका कुत्र्यामुळे.

वाघ्या अकरा वर्षांचा लॅब्रेडॉर. नाव आमच्या सौभाग्यवतींनी ठेवलेले. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि खंडोबासमवेत श्वान असायचाच; तेव्हा होळकरांच्या गावातल्या कुत्र्याला दुसरे कोणते नाव शोभणार, हा त्यांचा युक्तिवाद. रायगडावरच्या वाघ्याचे स्मारक १९३६ साली उभे राहिले, त्यालाही होळकर घराण्याचा हातभार लागला होता. त्या वाघ्याच्या कथेला इतिहासाचा आधार कितपत, यावर विद्वानांत वाद आहे. आमच्या वाघ्याच्या भित्रेपणाबद्दल मात्र वाद नाही. दिवाळीचे चार दिवस तो पलंगाखाली काढतो.

डिसेंबरात तो सकाळी उठताना कण्हू लागला. दुसऱ्या पायरीवर थांबून आमच्याकडे पाहू लागला. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आम्हांस जवळचेच. तेथे क्ष-किरण चित्र काढले आणि निदान झाले, संधिवात. सांध्यातील कूर्चा झिजते, हाडे एकमेकांवर घासतात, थंडीत आखडलेपण वाढते. झिजलेले परत येत नाही. वेदना कमी करणे एवढेच हाती असते. वैद्यांनी वजन उतरवायला सांगितले, गुळगुळीत फरशीवर चटया घालायला सांगितल्या, नखे वेळच्या वेळी कापायला सांगितली. माणसांची वेदनाशामके कदापि देऊ नका, आयब्युप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याला विषासमान ठरू शकते, असेही बजावले. आणि शेवटी म्हणाले, “पायऱ्या बंद करा.” कुत्र्याच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भार मुळातच पुढच्या पायांवर असतो, उतरताना तो आणखी पुढे सरकतो. म्हणजे चढणे अवघड, पण उतरणे त्याहून घातक.

आता करायचे काय? शेजाऱ्यांनी सुचवले, अंगणात बांधा. अकरा वर्षे आमच्या खोलीत निजलेल्या जिवाला म्हातारपणी थंडीत बाहेर बांधणे आमच्याने होणार नव्हते. उचलून न्यावे, तर त्याचे वजन बत्तीस किलो आणि आमचे वय अडुसष्ट. एका हितचिंतकांनी आवाज खाली आणून ‘इंजेक्शन’चा विषय काढला. सौभाग्यवती उठून आत गेल्या. राहिला तो उताराचा, म्हणजे रॅम्पचा मार्ग.

शासनाच्या लोकनिर्माण खात्यात आमची हयात गेली. सार्वजनिक इमारतींना एकास बारा असा उतार द्यायचा, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी घ्यायची, हे प्रमाण आम्ही कित्येक नकाशांवर तपासले. चाकाच्या खुर्चीसाठी ते प्रमाण. घरात मात्र प्रश्न नव्याने उभा राहिला. बाजारात घडीचे तयार रॅम्प मिळतात, ते मुख्यतः मोटारीत चढण्यासाठी. त्यांतला पाच फुटी रॅम्प अडीच फुटांच्या जोत्याला टेकवला, तर कोन होतो तीस अंशांचा. दुखऱ्या पायांना ती टेकडीच. शिवाय पाय ठेवताच फळी हलली, तर कुत्रा पुन्हा तिच्याकडे फिरकत नाही. सुताराने प्लायवूडचा दहा फुटी उतार सुचवला, एकास चारचा. चौदा अंशांचा हा चढ वाघ्याला चालण्यासारखा होता. पण लाकूड मालव्याच्या पावसात किती टिकणार? तेव्हा गवंड्याला बोलावले. त्याने अंगण पाहिले, वाघ्याकडे पाहिले आणि सरळ विचारले, “साहब, ये कुत्ता और कितने दिन का है?”

प्रश्नात दुष्टपणा नव्हता. त्याच्या हिशेबाने तो खर्चाचा प्रश्न होता. पण त्या प्रश्नाने आम्हांस आईंची आठवण झाली. शेवटच्या वर्षांत त्यांचे गुडघे गेले होते. आम्ही पायऱ्यांना कठडा आणि बाजूने उतार करण्याचे ठरवले, तर त्यांनी साफ नकार दिला. “मी काय पांगळी झाले? लोक काय म्हणतील?” कठडा झाला नाही. दोन वर्षे त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. हळदीकुंकवाला बायकाच त्यांच्याकडे येत. आधार घेणे म्हणजे हार मानणे, असे आपल्या पिढ्यांनी मानले. वाघ्याला हा अभिमान ठाऊक नाही. त्याला दुखते, म्हणून तो थांबतो. वाट सोपी दिसली, की चालू लागतो.

गवंड्याला आम्ही म्हणालो, “कुत्ते के बाद हम हैं.”

मग हिशेब बदलला. अंगण अठरा फूट लांब. एकास बारासाठी तीस फूट लांबी हवी. मध्ये वळण घेतले तरी पंधरा फुटांचा टप्पा, वळणाची तीन फूट सपाट जागा आणि दारापुढची तीन फूट मिळून एकवीस फूट होतात, ते बसेना. एकास आठ धरले, तर दहा-दहा फुटांचे दोन टप्पे आणि दोन सपाट जागा सोळा फुटांत बसल्या. कोन सात अंशांचा. रुंदी तीन फूट, कडेला चार इंचांचा कठ, माणसांसाठी लोखंडी कठडा. वर कोटा बसवू नका, तो पावसात निसरडा होतो, हे आम्ही निक्षून सांगितले. सिमेंट ओले असताना झाडू ओढून ते खरबरीत केले आणि त्यावर रबरी चटई पसरली. सौभाग्यवतींचा मोगरा तेवढा दुसऱ्या बाजूला हलवावा लागला. जुन्या पायऱ्या जशाच्या तशा आहेत.

वाघ्याने पहिले दोन दिवस उताराकडे पाठ फिरवली. मग पोळीचे तुकडे हात-हात अंतरावर ठेवले. ओढायचे नाही, रागवायचे नाही, एवढे पथ्य पाळले. आठवड्यात तो आपणहून चढू लागला. उन्हाळ्यात चटई तापते, म्हणून दुपारी त्याला बाहेर नेत नाही. त्याचा आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. पण कण्हणे कमी झाले आहे, आणि रोज संध्याकाळी तो फाटकापर्यंत जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांची दखल घेतो.

बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आमच्या वाचकांची जुनी घरेही अशीच उंच जोत्यांची असतील. एकदा फूटपट्टी घेऊन आपले जोते मोजावे आणि त्या आकड्याला आठाने गुणावे. तेवढी जागा अंगणात असेल, तर कुणाचे गुडघे जाण्याची वाट पाहू नये. गेल्या महिन्यात आमच्या वहिनी, ज्या चार वर्षे ‘बाहेरूनच भेटते’ म्हणत रिक्षातून उतरत नसत, त्या कठडा धरून वर आल्या. त्यांना आम्ही आग्रह केला नव्हता. “कुत्र्यासाठी केलंय ना? मग मलाही चालेल,” असे म्हणून त्या आत येऊन बसल्या आणि त्यांनी चहा मागितला.