एकेकाची वही

माझी नात न्यू जर्सीत दुसरीत आहे. परवा फोनवर म्हणाली, "आजी, आज माझी रायटिंग कॉन्फरन्स होती." मला आधी वाटलं, काहीतरी मोठा समारंभ असणार! निघालं ते एवढंच, की बाई तिच्याशेजारी पाच मिनिटं बसल्या आणि तिच्या लिखाणाबद्दल बोलल्या. तिकडे डोनाल्ड ग्रेव्हज नावाच्या प्राध्यापकांनी या पद्धतीवर १९८३ साली पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ती बऱ्याच शाळांत रुळली.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत याला नाव नव्हतं. मुलं म्हणायची, "बाईंची पाळी आली." चौथीत अठ्ठेचाळीस मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास. एका तासात पाच मुलं जेमतेम व्हायची, आठवड्यात दहा. म्हणजे एकाची पाळी पाचव्या आठवड्यात! बाकीच्यांना शुद्धलेखन देऊन बसवायचं. ती बसत नसत, हा भाग वेगळा.

माझे नियम मोजके होते. समोर नाही, शेजारी बसायचं. वही मुलाच्याच हातात. लाल पेन टेबलाच्या खणात. आणि त्यानं मोठ्यानं वाचायचं. वाचताना गळलेला शब्द मुलाला स्वतःलाच अडखळवतो, मग मी सांगावा लागत नाही.

१९८६ साली एका मुलानं 'माझा आवडता प्राणी' लिहून आणला. कुत्रा हा इमानी प्राणी आहे वगैरे, सरळ निबंधमालेतला. वाचून झाल्यावर मी विचारलं, "तुमच्याकडं कुत्रा आहे का रे?"

"न्हाई बाई. म्हस व्हती."

"होती?"

"इकली. ताईच्या लग्नाला."

मग तो बोलतच राहिला. ती ओढ्यापाशी आली की हटकून थांबायची. त्यानं हाळी दिली की कान हलवायची, पण जागची हलायची नाही. नेली त्या दिवशीही ती तिथंच थांबली, आणि नेणाऱ्या माणसाला वाटलं, अडेल आहे.

पाच मिनिटांची वीस झाली. मी एवढंच विचारलं, "यातलं काय लिहायचं?" तो जरा वेळ वहीकडं बघत बसला. म्हणाला, "इकली ते न्हाई लिवायचं. बा वाचंल."

खरं सांगते, मला मोह झाला होता. तेच तर सगळ्यात चांगलं होतं! पण वही त्याची आणि बापही त्याचा. मी "बरं" म्हटलं.

त्यानं सहा ओळी लिहिल्या. त्यातली एक अजून पाठ आहे : 'आमची म्हस वढ्यापाशी थांबती, मी पन थांबतो.' 'म्हस', 'वढा', 'पन' मी त्या दिवशी तसेच ठेवले. परीक्षेला 'म्हैस', 'ओढा', 'पण' लिहायचं, हे पुढच्या पाळीला सांगितलं, आणि ते त्याला दोन मिनिटांत समजलं. 'थांबती'चं 'थांबायची' मात्र मी कधीच सुचवलं नाही.

पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी ती वही उघडली. पानावर लाल खूण नाही म्हणून मला विचारलं, "बाई, हे तपासलं नाही का?"

म्हटलं, "वाचलंय, साहेब."