अकोल्याहून आलेल्या नळ्या

अकोल्याहून आलेल्या लाल रक्तपेशी अमरावतीच्या पेशींपेक्षा जाड दिसत होत्या, हे खरं होतं. त्याचं कारण मी सिकलसेल असं सांगितलं, ते चूक होतं. सांगितलं तेही शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी भरलेल्या सभागृहात, पडद्यावर आलेख दाखवून.

लाल पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ पारदर्शक असते. ती प्रकाश फारसा अडवत नाही, पण तिच्यातून जाणारी लाट किंचित मागे पडते. पेशी सुमारे दोन मायक्रॉन जाड, तिचा अपवर्तनांक १.४० च्या आसपास आणि भोवतालच्या सलाईनचा १.३३ च्या थोडा वर. म्हणजे लाट मागे पडते ती लाल लेसरच्या तरंगलांबीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याने. हा फरक डोळ्यांना दिसावा अशी युक्ती फ्रिट्स झर्निके यांनी काढली आणि १९५३ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. मला तो नुसता पाहायचा नव्हता, मोजायचा होता. त्यासाठी लेसरचे दोन भाग करायचे, एक पेशीतून न्यायचा, दुसरा मोकळा ठेवायचा आणि दोन्ही कॅमेऱ्यावर एकत्र आणायचे. सरळ पट्टे उमटतात आणि पेशी असते तिथे ते वाकतात. त्या वाकण्यातून प्रत्येक बिंदूची फेज, म्हणजे लाट तिथे किती मागे पडली ते, काढता येते.

सुरुवातीला मी आरसा थोडा थोडा सरकवून एका पेशीचे चार फोटो घेण्याची पद्धत वापरली. अमरावतीच्या मे महिन्यात प्रयोगशाळेत कूलर लावावाच लागतो आणि कूलरच्या थरथरीने एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत पट्टे जागा सोडत. सरासरीत ते विरून जाईल असं समजून मी अख्खा उन्हाळा घालवला. उपाय १९८२ पासून छापलेला होता. ताकेदा, इना आणि कोबायाशी यांच्या रीतीत एक झोत थोडा तिरपा आणून पट्टे बारीक करतात, म्हणजे एकाच फोटोतून सगळी फेज निघते. कॅमेऱ्याची उघडझाप पुरेशी झटपट असेल तर थरथरीला वेळच मिळत नाही. ती रीत घेतली तिथेही मी घाई केली. फूरिये गणितात गाळणीची खिडकी जास्त रुंद ठेवली आणि पेशीच्या आत ज्या लहरी उमटल्या त्यांना पेशीतले कण समजलो. प्रौढ लाल पेशीत तसले कण नसतात, हे मला माहीत असायला हवं होतं. आयआयटी दिल्लीच्या केदार खरे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये गाळणीची ही अडचण टाळून एकाच फोटोतून पूर्ण बारकावा काढण्याची वाट दाखवली. ते वाचलं तेव्हा कुठे मी खिडकीकडे नीट पाहिलं.

या चुका सुधारल्या आणि चित्रं स्वच्छ आली. स्वच्छ चित्रांनीच मला पुढच्या चुकीत नेलं.

विदर्भात, मेळघाटाकडेही, सिकलसेल बऱ्याच घरांत आढळतो. त्या आजाराच्या वाहकांचं रक्त अकोल्याच्या एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीकडून मिळे, संमती घेऊन आणि नावं झाकून. जांभळ्या झाकणाच्या नळ्या मूर्तिजापूरमार्गे एसटीने, शंभरेक किलोमीटर, भर दुपारी येत. निरोगी रक्त मात्र आमच्याच विद्यार्थ्यांचं असे आणि काढल्यावर थोड्याच वेळात काचपट्टीवर जाई. हा फरक माझ्या वहीत कुठेच नव्हता. वहीत फक्त ‘वाहक’ आणि ‘निरोगी’ असे दोन रकाने होते.

भाषणात दाखवलेला आलेख मैत्रिणीला पाठवला. तिने एवढंच विचारलं, “नळीवर वेळ लिहिली होती का तू?”

लिहिली नव्हती. मग आम्ही उलटं करून पाहिलं. अमरावतीचं निरोगी रक्त अकोल्याला पाठवलं आणि त्याच एसटीने, त्याच उन्हात परत आणलं. त्या पेशीही ‘जाड’ निघाल्या. उष्णतेत ताटकळलेल्या रक्तात पेशींना काटे येतात आणि त्या गोलसर होतात. शिवाय काचेच्या कडेने सलाईन सुकत गेलं की ते खारट होतं, पेशीतलं पाणी ओढलं जातं आणि तिचा अपवर्तनांक वाढतो. फेज ही जाडी आणि अपवर्तनांकातला फरक यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. मी अपवर्तनांक सगळीकडे १.४० धरला आणि सगळा बदल जाडीच्या खात्यात टाकला.

हे माझ्याच आकड्यांतून आधी कळलं असतं. पेशीच्या पूर्ण क्षेत्रावर फेजची बेरीज केली की तिच्यातलं कोरडं वस्तुमान मिळतं. रॉबर्ट बॅरर यांनी १९५२ मध्ये मांडलेला हा हिशोब आहे. पाणी गेल्याने ही बेरीज फारशी बदलत नाही. मी ती बेरीज नंतर केली. दोन्ही गटांत पेशीमागे सुमारे ३० पिकोग्रॅमच आलं, म्हणजे हिमोग्लोबिन तेवढंच होतं आणि बदलले होते ते फक्त आकार आणि पेशीतलं पाणी. शिवाय वाहकाच्या पेशी एरवी निरोगी पेशींसारख्याच दिसतात, हे तर वैद्यकाच्या पहिल्या पुस्तकात असतं. मी ते वाचलेलं होतं. पडद्यावरचा आलेख मला त्याहून खरा वाटला.

त्याच सभागृहात, बहुतेक त्याच लोकांसमोर, मी दोन्ही आलेख शेजारीशेजारी ठेवून दावा मागे घेतला. आता नळीवर रक्त काढल्याची वेळ असते, दोन्ही गट एकत्र प्रवास करतात, काचपट्टीच्या कडा सील होतात आणि मोजणाऱ्याला कुठली नळी कोणाची ते ठाऊक नसतं. अशा मोजणीत वाहक आणि निरोगी यांत मला फरक सापडलेला नाही.

पण पहिल्या भाषणानंतर मेळघाटाच्या पायथ्याच्या गावचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला होता. “सर, मंग आमच्या घरच्याइचं बी इथंच तपासता येईन का?” मी म्हणालो होतो, लवकरच येईल. त्याच्या बहिणीचं लग्न जुळत होतं. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून लग्नाआधी दोन्हीकडची तपासणी हवी. दवाखान्यात ती सहज झाली असती. माझ्या यंत्राच्या भरवशावर त्यांनी ती थांबवून ठेवली होती. हे कळल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, चूक सांगितली आणि त्याच्या बहिणीला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो. आधी विद्राव्यता चाचणी झाली, मग पक्क्या निदानासाठी एचपीएलसी. त्या मुलीच्या आईने मला विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं आणि मी ते जुळवायचा प्रयत्नही केला नाही.