लातूरहून विष्णुपुरीला

मुलांनो, लातूरच्या ट्यूशन एरियात फिरलात तर पाट्या वाचता वाचता मान दुखते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी! डॉक्टर व्हायचं तर इथं वाट विचारावी लागत नाही. पण पत्रकार व्हायचं असेल तर? आमच्या शाळेत एक पालक म्हणाले, "गुरुजी, त्याला कुठं कॉलेज असतं?"

असतं की! लातूरहून एस.टी.त बसा. चाकूर, अहमदपूर, लोहा मागं टाकत गाडी नांदेडकडे निघते. शहर यायच्या आधीच विष्णुपुरी लागते. तिथं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच सुरू झालं. त्याच्या माध्यमशास्त्र संकुलात पत्रकारिता शिकवतात. एम.ए.साठी आधी पदवी लागते, मग ती विज्ञानाची असली तरी चालते. त्यामुळे बारावीला सायन्स घेतलेल्यांनी घाबरू नये. याशिवाय छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे आणि पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट आहेच.

मग निवडायचं कसं? इमारत बघून तर मुळीच नको. एक उदाहरण सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी नव्हतं, म्हणून मिरजेहून रेल्वेनं आणलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. गाडीचे फोटो सगळीकडे छापून आले. पण ५ लाख लिटर म्हणजे ५ लाख वस्तीच्या शहरात माणशी किती? करा भागाकार. एक लिटर! ते पाणी कोणत्या गल्लीत पोचलं, कुठं पोचलंच नाही, हे विचारायला उन्हात हिंडावं लागतं. असं हिंडायला लावणारं कॉलेज शोधायचं.

म्हणून प्रवेशाआधी एकदा तिथं जाऊन या. शिकवणाऱ्यांपैकी कुणी वर्तमानपत्रात काम केलंय का? ग्रंथालयात जुन्या अंकांच्या फायली आहेत का? जाहिरातीतला कॅमेरा खरंच प्रत्येक मुलाच्या हातात येतो का? (पालकांनो, फीसुद्धा तिथंच विचारा. सरकारी विद्यापीठ आणि खासगी संस्था यांच्या फीमध्ये फार अंतर असू शकतं.)

आणि विद्यार्थ्यांनी काढलेला मागचा अंक मागून घ्या. त्यात किनवट, मुखेड, किल्लारीकडच्या बातम्या असतील तर मुलं गावोगाव जातात असं समजा. नुसतेच हार-तुरे आणि स्नेहसंमेलन दिसलं, तर आईला म्हणा, "चल, दुसरं कॉलेज बघू."